करुणेचा पूर्वपक्ष

वंशभेदाच्या अन्यायावर लिहिलेल्या कादंबऱ्या का वाचाव्यात, या प्रश्नाला सर्वसाधारणपणे जे उत्तर दिले जाते ते असे की, अशी कादंबरी वाचकाला परक्याच्या दुःखात सहभागी करून घेते, त्याचे मन मोठे करते, आणि मन मोठे झालेला माणूस अन्यायाला सहजासहजी साथ देत नाही. हे उत्तर इतके रुळलेले आहे की ते स्वयंसिद्ध वाटते. परंतु त्यालाही जन्मकाळ आहे आणि त्याला घेतल्या गेलेल्या आक्षेपांचीही एक मोठी परंपरा आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एका कादंबरीने ते ठामपणे मांडले आणि पुढच्या अनेक थोर लेखकांनी ते कुठे ना कुठे खोडून काढले. भारतीय शास्त्रार्थात प्रतिपक्षाचे म्हणणे आधी पुऱ्या ताकदीने मांडून मगच त्याचे खंडन करण्याची रीत आहे आणि आधी मांडलेल्या त्या मताला पूर्वपक्ष म्हणतात. अमेरिकी कादंबरीत करुणा हा असा पूर्वपक्ष ठरली. त्यामुळे या अभिजात साहित्याचे मोल एकेका पुस्तकाच्या सदाशयात शोधण्यापेक्षा, त्या पुस्तकांनी एकमेकांशी घातलेल्या दीर्घ वादात शोधणे अधिक फलदायी ठरते.

हा पूर्वपक्ष म्हणजे हॅरिएट बीचर स्टो यांची ‘अंकल टॉम्स केबिन’. १८५० साली अमेरिकी काँग्रेसने फरारी गुलामांविषयीचा कायदा संमत केला आणि त्यामुळे गुलामगिरी नसलेल्या उत्तरेतील राज्यांच्या नागरिकांवरही पळून आलेल्या गुलामांना पकडून देण्यास मदत करण्याची सक्ती आली. स्टो यांची अनेक वर्षे सिनसिनाटी शहरात गेली होती. ओहायो नदीच्या उत्तर काठावरचे हे शहर मुक्त राज्यात होते आणि पैलतीरावर केंटकी हे गुलामगिरीचे राज्य होते. ‘द नॅशनल इरा’ या गुलामगिरीविरोधी साप्ताहिकात जून १८५१ पासून क्रमशः आलेली ही कथा मार्च १८५२ मध्ये पुस्तकरूपाने निघाली आणि पहिल्याच वर्षी अमेरिकेत तिच्या सुमारे तीन लाख प्रती खपल्या. गुलामगिरीच्या क्रौर्याची माहिती त्याआधी उपलब्ध नव्हती असे मुळीच नाही. थिओडोर वेल्ड यांनी १८३९ मध्ये दक्षिणेतील वर्तमानपत्रांतल्या फरारी गुलामांच्या जाहिराती गोळा करून त्यांतील डाग दिल्याच्या, कान कापल्याच्या खुणांची वर्णने जशीच्या तशी छापली होती. स्टो यांनी त्या माहितीला घराचा उंबरठा दिला. कादंबरीतील सिनेटर बर्ड हे ओहायोच्या विधिमंडळात फरारी गुलामांना आसरा देण्याविरुद्ध मत देऊन घरी येतात, बायकोला त्या कायद्याची राजकीय गरज समजावून सांगतात, आणि त्याच रात्री गोठलेल्या नदीतील बर्फाच्या तरंगत्या लाद्यांवरून लेकराला उराशी धरून पळालेली एलायझा त्यांच्या स्वयंपाकघरात येऊन पडते. या दांपत्याचे एक मूल नुकतेच गेलेले आहे. त्या मुलाच्या कपड्यांचा खण श्रीमती बर्ड एलायझाच्या मुलासाठी उघडतात, आणि सिनेटर स्वतःच मत दिलेला कायदा मोडून तिला रातोरात सुरक्षित जागी पोहोचवतात. करुणेविषयीचा संपूर्ण सिद्धांत या एका प्रसंगात सामावलेला आहे: वर्तमानपत्रातील ‘फरारी’ हा शब्द दारात माणूस होऊन उभा राहिला की कायदा गळून पडतो.

संस्कृत काव्यशास्त्राने ज्याला साधारणीकरण म्हटले, म्हणजे भट्टनायकाच्या मतानुसार विशिष्ट व्यक्तीची भावना तिच्या व्यक्तिगत संदर्भातून सुटून सर्व सहृदयांना आस्वाद्य होते ती प्रक्रिया, तिचेच येथे दर्शन होते. पण त्याच शास्त्राला फार पूर्वीपासून एक अडचण सतावत आली आहे. करुण रसात दुःख असूनही प्रेक्षक तो आनंदाने का अनुभवतो? नाट्यगृहात हा प्रश्न सौंदर्यशास्त्राचा असतो. जिवंत माणसांची खरेदी-विक्री चालू असलेल्या देशात मात्र तो नीतीचा होतो. श्रीमती बर्ड यांना एलायझा समजते ती स्वतःच्या मृत मुलामुळे. म्हणजे कृष्णवर्णीय आईचे दुःख गोऱ्या आईच्या दुःखाच्या मापाने मोजल्यावरच खरे ठरते. जे दुःख त्या मापात बसत नाही त्याचे काय करायचे, हे कादंबरीला ठाऊक नाही. तिच्यातील टॉम हा गुलाम पळालेल्या इतरांचा ठावठिकाणा न सांगता मार खाऊन ख्रिस्ती हुतात्म्याप्रमाणे मरतो, आणि स्वातंत्र्य मिळवलेले एलायझा व तिचा नवरा जॉर्ज शेवटी आफ्रिकेतील लायबेरियाला निघून जातात. हे सुटलेले गुलाम अमेरिकेतच शेजारी म्हणून राहतील, ही कल्पना कादंबरीच्या शेवटाला झेपलेली नाही.

ही उणीव दाखवायला विसावे शतक उजाडावे लागले नाही. मार्टिन डेलनी या कृष्णवर्णीय विचारवंताने १८५३ मध्येच फ्रेडरिक डग्लस यांच्याशी जाहीर पत्रव्यवहार करून स्टो यांच्या भूमिकेवर आक्षेप घेतले, तर डग्लस यांनी पुस्तकाची उपयुक्तता ओळखून त्याची बाजू घेतली. डेलनी यांनी पुढे ‘ब्लेक’ ही कादंबरी लिहिली; तिचा नायक मार खात मरत नाही, तो गावोगाव फिरून गुलामांच्या उठावाची आखणी करतो. दुसरीकडे गुलामगिरीच्या समर्थकांनीही स्टो यांचेच हत्यार उचलले आणि सुखी गुलाम व वत्सल मालक रंगवणाऱ्या अनेक कादंबऱ्या लगेच बाजारात आणल्या. त्यांतली मेरी ईस्टमन यांची ‘आंट फिलिसेस केबिन’ तर १८५२ मध्येच निघाली. पुढे १९०५ साली थॉमस डिक्सन यांनी ‘द क्लॅन्समन’ लिहिली, तिच्यावर १९१५ मध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ हा चित्रपट निघाला आणि त्याच वर्षी कू क्लक्स क्लॅन ही विझलेली दहशतवादी संघटना नव्याने उभी राहिली. डिक्सन यांच्या वाचकांनीही अश्रू ढाळलेच होते, फक्त ते गोऱ्या कुटुंबांसाठी होते. कथेचे सामर्थ्य हा आपोआप सद्गुण होत नाही, हे करुणावादी उत्तरात सोयीस्करपणे गाळले जाते.

गुलामगिरीविरोधी चळवळीच्या त्या काळाचा महाराष्ट्राशी एक थेट धागा आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील ज्या लोकांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली त्यांना अर्पण केली आणि इकडील शूद्रांच्या मुक्तीसाठी देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी अपेक्षा व्यक्त केली. फुले यांनी ज्या अमेरिकेला ती अर्पणपत्रिका लिहिली त्या अमेरिकेत गुलामगिरी १८६५ च्या घटनादुरुस्तीने संपली होती आणि मुक्त झालेल्या पुरुषांना मतदानाचा हक्क मिळाला होता. अर्पणपत्रिकेनंतर चार वर्षांतच, १८७७ मध्ये, दक्षिणेतील केंद्रीय सैन्याचे संरक्षण निघून गेले आणि १८९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे पण समान’ या सूत्राखाली रेल्वेतील विभक्त डबे व विभक्त शाळांना घटनेचा आधार दिला.

मार्क ट्वेन यांची ‘हकलबरी फिन’ १८८४-८५ मधली, म्हणजे कायद्याने गुलामगिरी संपल्यानंतर वीस वर्षांनी आलेली. तिच्यात करुणेचा प्रश्न एका वेगळ्याच जागी सरकलेला दिसतो. पळून चाललेल्या जिम या गुलामाला पकडून न देणे हे हक या पोराच्या मते पाप आहे. त्याच्या सदसद्विवेकबुद्धीनेच त्याला तसे शिकवले आहे, आणि जिमच्या मालकिणीला लिहिलेली चिठ्ठी तो फाडतो तेव्हा आपण नरकात जाणार अशी त्याची खात्री असते. मन चांगले असून विवेक मात्र समाजाने नासवलेला असू शकतो, हा विचार स्टो यांच्या पलीकडे जाणारा आहे, कारण त्यांच्या कादंबरीत विवेक नेहमी योग्य तेच सांगतो. शेवटच्या प्रकरणांत मात्र टॉम सॉयर हा मुलगा जिमच्या सुटकेचा पोरखेळ मांडतो आणि जिम तर मालकिणीच्या मृत्युपत्रानुसार आधीच मुक्त झालेला आहे, हे अखेरीस उघड होते. काही टीकाकार याला कलात्मक पडझड मानतात, तर काही मुक्तीनंतरच्या दक्षिणेवरचे बोचरे विडंबन. दोन्ही एकाच वेळी खरे असू शकते. या पुस्तकात दोनशेहून अधिक वेळा येणारी वंशवाचक शिवी २०११ च्या एका आवृत्तीने काढून तिच्या जागी ‘गुलाम’ हा शब्द घातला. हेतू चांगला असला तरी हकच्या तोंडची भाषाच त्याच्या नासलेल्या विवेकाचा पुरावा आहे आणि या बदलाने तो पुरावा नाहीसा होतो.

समाजावर असे बोचरे लिहिण्याची मोकळीक कृष्णवर्णीय लेखकांना मात्र नव्हती. नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टन येथे १८९८ मध्ये गोऱ्या जमावाने शस्त्रांच्या बळावर निवडून आलेले नगरशासन उलथवले व कृष्णवर्णीयांची कत्तल केली. त्यावर चार्ल्स चेस्नट यांनी १९०१ मध्ये ‘द मॅरो ऑफ ट्रॅडिशन’ लिहिली. त्यांच्या आधीच्या कथांची वाखाणणी करणारे समीक्षक विल्यम डीन हॉवेल्स यांना हे पुस्तक फार कडवट वाटले, ते खपले नाही आणि चेस्नट यांची लेखक म्हणून कारकीर्द त्यानंतर लवकरच मंदावली. अश्रूंना बाजारपेठ होती, कडवटपणाला नव्हती. डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी १९२६ मध्ये सर्व कला प्रचारच असते आणि असावी असे ‘द क्रायसिस’ मासिकात बजावले व अलेन लॉक यांनी त्याला विरोध केला, त्या वादाच्या मुळाशी हा बाजार होता: कृष्णवर्णीयांचे चित्र कोणासाठी काढायचे, हे ठरवणारा ग्राहक गोरा होता.

त्या ग्राहकावर उघड चाल करून गेले ते रिचर्ड राइट. १९३८ मध्ये आलेल्या त्यांच्या कथासंग्रहाचे कौतुक झाले, तेव्हा सुखवस्तू घरांतील मुली वाचून रडतील आणि रडून झाल्यावर हलके वाटून घेतील असे पुस्तक आपण लिहून बसलो, याची त्यांना चीड आली. पुढचे पुस्तक वाचकाला अश्रूंची सोय मिळणार नाही इतके कठोर करायचे, असा निश्चय केल्याचे त्यांनीच नंतर नोंदवले आहे. ते पुस्तक म्हणजे १९४० ची ‘नेटिव्ह सन’. शिकागोच्या साउथ साइड वस्तीत एका खोलीत आई-भावंडांसह राहणारा वीस वर्षांचा बिगर थॉमस श्रीमंत डॉल्टन कुटुंबाकडे मोटारचालक म्हणून लागतो, पकडले जाण्याच्या भीतीने त्यांच्या मुलीचा जीव त्याच्या हातून जातो, आणि नंतर तो आपल्या मैत्रिणीला, बेसीला, समजून-उमजून ठार मारतो. बिगरवर दया करणे जवळजवळ अशक्य आहे आणि हेच राइट यांना साधायचे होते. डॉल्टन महाशय कृष्णवर्णीयांच्या संस्थांना देणग्या देतात, मुलांच्या क्लबला टेबल टेनिसची टेबले भेट देतात, आणि बिगरच्या कुटुंबाकडून त्या उंदरांनी भरलेल्या खोलीचे वाढीव भाडे घेणाऱ्या कंपनीची मालकीही त्यांच्याकडेच असते. करुणा आणि शोषण एकाच खिशातून कसे चालतात, हे अमेरिकी कादंबरीने इतक्या स्पष्टपणे आधी क्वचितच सांगितले होते. श्रीमती डॉल्टन आंधळ्या दाखवण्याची गरज मात्र नव्हती. प्रतीकाचा हात येथे फार जड पडला आहे.

पण कठोरपणा हादेखील एक साचा होऊ शकतो, हे जेम्स बॉल्डविन यांनी १९४९ मध्ये दाखवून दिले. तेव्हा ते अवघे चोवीस वर्षांचे होते, नुकतेच पॅरिसला आले होते आणि लहानपणी त्यांनी ‘अंकल टॉम्स केबिन’ची पारायणे केली होती. निषेधाच्या कादंबरीवरील त्यांच्या निबंधाचा रोख असा की, भावविवशता ही जिवंत अनुभवाच्या भीतीतून येते आणि तिच्या आड क्रौर्य दडलेले असते. स्टो यांचा देवभोळा टॉम आणि राइट यांचा खुनी बिगर ही परस्परविरोधी माणसे वाटली तरी दोघांनाही लेखकांनी एका सिद्धांताचा पुरावा म्हणून उभे केले आहे, आणि जो पुरावा ठरतो त्याचे माणूसपण त्या सिद्धांताबाहेर उरत नाही. राइट यांना हा विश्वासघात वाटला व दोघांची मैत्री संपली. बॉल्डविन यांचा आक्षेप बिगरपुरता पुरेसा न्याय्य नाही, कारण बिगरच्या भीतीचे आतून केलेले चित्रण सिद्धांताला पुरून उरते. बेसीच्या बाबतीत मात्र तो त्यांनी मांडला त्याहूनही जास्त लागू पडतो. तिचा मृतदेह गोऱ्या मुलीच्या खुनाचा पुरावा म्हणून मृत्युचौकशीच्या सुनावणीत आणला जातो, आणि कादंबरीलाही तिचा त्याहून फार वेगळा उपयोग सुचत नाही. झोरा नील हर्स्टन यांच्या १९३७ च्या कादंबरीत कृष्णवर्णीय स्त्रीचे प्रेम, राग आणि बोलणे गोऱ्यांच्या नजरेची पर्वा न करता आले होते, पण राइट यांनीच तिच्यावर झोड उठवली होती, आणि ॲलिस वॉकर यांनी १९७० च्या दशकात शोध घेईपर्यंत ती बहुतांशी विस्मरणात राहिली.

राल्फ एलिसन यांच्या १९५२ च्या ‘इनव्हिजिबल मॅन’ने वादाचा रोखच बदलला. तिचा अनाम नायक दुःखी आहे की संतप्त, हा प्रश्न गौण ठरतो. त्याच्याकडे पाहणाऱ्याला तो दिसतच नाही, ही मूळ गोष्ट. कॉलेज, कारखाना, राजकीय संघटना असा प्रत्येक जण त्याला एक भूमिका देतो आणि त्या भूमिकेपलीकडचा माणूस पाहण्याचे नाकारतो. रंगाच्या कारखान्यातील प्रसंग या दृष्टीने फार मार्मिक आहे: सरकारी इमारतींना लावायचा शुभ्रातला शुभ्र रंग तयार करताना प्रत्येक डब्यात काळ्या द्रवाचे दहा थेंब ढवळावे लागतात. गोरेपणा नावाची गोष्टच काळ्याला आत विरघळवून आणि मग दिसेनासे करून तयार होते, हे एलिसन हसत हसत सांगतात. हा विनोद टोनी मॉरिसन यांच्या १९९२ च्या ‘प्लेइंग इन द डार्क’मधील व्याख्यानांत पूर्ण विचार होऊन येतो. अमेरिकी अभिजात साहित्यातील स्वातंत्र्य, निरागसता, पौरुष या कल्पना कृष्णवर्णीयांच्या न बोलणाऱ्या उपस्थितीवर उभ्या आहेत आणि म्हणून वंशभेदाचा परिणाम सोसणाऱ्यावर जितका तपासला जातो तितकाच तो लादणाऱ्याच्या कल्पनाशक्तीवरही तपासला पाहिजे, असे त्यांचे प्रतिपादन आहे.

एलिसन व मॉरिसन यांच्या या दोन पुस्तकांच्या मध्ये १९६० साली हार्पर ली यांची ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ आली आणि लोकप्रियतेत तिने सर्वांना मागे टाकले. अटिकस फिंच हा गोरा वकील टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय आरोपीचे निर्दोषत्व निर्विवादपणे सिद्ध करतो आणि ज्यूरी तरीही त्याला दोषी ठरवते. तर्कशुद्ध युक्तिवादाचा असा पराभव शालेय वाचनातल्या पुस्तकात येणे ही लहान गोष्ट नव्हे. पण वाचकाच्या मनात घर करतो तो अटिकस, टॉम नव्हे. एका अर्थाने श्रीमती बर्ड यांचे स्वयंपाकघर शंभर वर्षांनी न्यायालयात हलले. आधी लिहिलेल्या पण २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘गो सेट अ वॉचमन’मध्ये हाच अटिकस विभक्ततेच्या समर्थकांच्या सभेत बसलेला आढळला, तेव्हा अनेकांना फसवणूक झाल्यासारखे वाटले. एलिसन वाचलेल्यांना तसे वाटण्याचे कारण नव्हते.

स्टो यांना सर्वांत पूर्ण उत्तर मिळाले ते मॉरिसन यांच्या १९८७ च्या ‘बिलव्हेड’मध्ये, आणि ते त्याच नदीच्या काठी. जानेवारी १८५६ मध्ये मार्गारेट गार्नर ही स्त्री कुटुंबासह गोठलेली ओहायो ओलांडून केंटकीतून सिनसिनाटीला आली, पकडणारे घराभोवती जमले तेव्हा तिने आपल्या लहानग्या मुलीचा गळा कापला, आणि मग न्यायालयापुढे असा पेच उभा राहिला की तिच्यावर खुनाचा खटला भरावा, म्हणजे ती माणूस आहे हे मान्य करावे, की तिला मालमत्ता म्हणून परत पाठवावे. तिला परत पाठवले गेले. ‘द ब्लॅक बुक’ या संकलनाचे संपादन करताना मॉरिसन यांच्या हाती या घटनेचे कात्रण आले. त्यांची सेथी ही एलायझासारखीच आई आहे, पण तिच्यासाठी खण उघडणारी कोणी श्रीमती बर्ड पुरेशी ठरत नाही, कारण तिच्या कृत्याला वाचकाच्या घरातील कोणतेही माप लागत नाही. मळ्यावरचा ‘स्कूलटीचर’ आपल्या विद्यार्थ्यांना सेथीचे मानवी गुण एका बाजूला आणि पशूचे गुण दुसऱ्या बाजूला लिहायला लावतो, आणि ती यादी ज्या शाईने लिहिली जाते ती शाई सेथीनेच तयार केलेली असते. क्रौर्याचे एवढे शांत, एवढे अभ्यासू चित्र चाबकाच्या वर्णनांतून उभे राहिले नसते. वाचकाला सेथीबद्दल सहानुभूती वाटते की नाही, याचा कादंबरी फारसा विचार करीत नाही. सेथीचा निवाडा करता येत नाही, अशा अवस्थेत ती वाचकाला शेवटपर्यंत ठेवते. साधारणीकरण येथे जाणूनबुजून रोखलेले आहे.

मराठीत हा वाद परका राहिला नाही. म. ना. वानखेडे, जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी कृष्णवर्णीयांच्या साहित्याचा परिचय करून दिला, १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने आपले नावच अमेरिकी ब्लॅक पँथरवरून घेतले, आणि दलितांच्या जीवनावर कळवळ्याने लिहिणाऱ्या सवर्ण लेखकांचे साहित्य व बाबूराव बागुल यांच्यासारख्यांचे आतून आलेले लेखन यांतील फरकावर दीर्घ चर्चा झडली. जात आणि वंश यांची रचना एक नाही, आणि ती एक असल्यासारखे वाचल्यास दोन्हींवर अन्याय होतो. परंतु सहानुभूती असलेला वाचक स्वतःला निर्दोष ठरवून घेतो, हा राइट यांचा अनुभव मात्र दोन्हीकडे सारखाच ओळखीचा आहे.

अमेरिकेत या पुस्तकांच्या शालेय वाचनावरून चाललेले वाद पाहिले तर हाच प्रश्न नव्या रूपात दिसतो. मिसिसिपीतील बिलॉक्सी येथे २०१७ मध्ये ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ अभ्यासातून काढले गेले ते त्यातील भाषेने लोक अस्वस्थ होतात म्हणून. वॉशिंग्टन राज्यातील मुकिल्टिओ येथे २०२२ मध्ये शिक्षकांच्याच मागणीवरून ते सक्तीच्या यादीतून वगळले गेले, कारण त्यात गोऱ्या तारणहाराचे गौरवीकरण होते. दोन्ही निर्णयांत पुस्तक एकटेच वाचले जाणार असे गृहीत धरलेले आहे. शेजारी एलिसन किंवा मॉरिसन ठेवले तर पहिल्या आक्षेपाची धार जाते आणि दुसरा आक्षेप वर्गातल्या मुलांनाच काढता येतो.

पर्सिव्हल एव्हरेट यांनी २०२४ मध्ये ‘जेम्स’ लिहून ट्वेन यांच्या पुस्तकाला असा शेजार मिळवून दिला. त्यांचा जिम वाचणारा-लिहिणारा आहे. गोऱ्यांसमोर तो अडखळती बोली बोलतो आणि मुलांना ती मुद्दाम शिकवतो, कारण गोऱ्यांना आपण श्रेष्ठ आहोत असे वाटत राहणे गुलामांच्या जिवासाठी आवश्यक असते. हे पुस्तक ट्वेन यांना बाजूला सारत नाही. त्यांच्या कादंबरीतला नदीप्रवास ज्याने बारकाईने वाचला आहे त्यालाच त्यातली कित्येक वळणे कळतात. टॉम सॉयरच्या शेवटच्या खोड्या मात्र एव्हरेट यांनी सरळ वगळल्या आहेत. ट्वेन यांच्याकडे जिमची बायको आणि मुले काही ओळींपुरतीच येतात, त्याच्या बधिर झालेल्या मुलीची आठवण अर्ध्या पानात संपते. एव्हरेट यांच्या कादंबरीत जिम आपल्या बायकोला आणि मुलीला विकून नेलेल्या मळ्याचा पत्ता शोधतो, आणि शेवटच्या भागातला त्याचा प्रवास त्यांना सोडवण्यासाठी होतो.